शिकागोहून कोलंबस, इंडियाना : मित्रांकडची रोड ट्रिप आणि तिचे फोटो

मिडवेस्टात राहणाऱ्या मराठी माणसाचे मित्र छोट्या गावांतून विखुरलेले असतात. कुणी पिओरियाला, कुणी सीडर रॅपिड्सला, कुणी ब्लूमिंग्टन-नॉर्मलला. आणि पुण्याचे इंजिनिअर हमखास भेटतात ते इंडियानातल्या कोलंबसला. त्याचं कारण म्हणजे कमिन्स. ही इंजिन कंपनी १९१९ साली याच गावात सुरू झाली, तिचं मुख्यालय आजही तिथेच आहे, आणि १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिल्यापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा चालू आहे. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. तेवढ्यात एलियेल सारिनेन, ईरो सारिनेन, आय. एम. पेई, रॉबर्ट व्हेंचुरी अशा जगभर नाव असलेल्या वास्तुविशारदांच्या इमारती चालत जाण्याच्या किंवा पाच-दहा मिनिटांच्या ड्राइव्हच्या अंतरावर आहेत.

हा लेख शिकागो आणि उपनगरांतून तिथे मित्रांकडे जाणाऱ्यांसाठी आहे. वाट, मुक्काम, गाव आणि फोटो या सगळ्यांचा विचार मी एकत्रच केला आहे, कारण माझ्या मते फोटो कसे येणार हे बरंचसं आधीच्या आखणीत ठरून जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अशा गावातला आपल्या मित्रांचा मुक्काम बहुतेक वेळा तात्पुरता असतो. प्रोजेक्ट संपतो, बदली होते, व्हिसाचं काहीतरी होतं, आईवडिलांसाठी परत जायचं ठरतं, आणि महिन्याभरात घर रिकामं होतं. तिथे राहणारा माणूस आपल्या मेलबॉक्सचा, मुलं बसची वाट बघतात त्या कोपऱ्याचा, गॅरेजमधल्या सायकलींचा फोटो काढत नाही. ते रोजचंच असतं ना. पाहुण्याला मात्र ते दिसतं. म्हणून त्यांचं तिथलं आयुष्य टिपायचं काम पाहुण्याने आनंदाने अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

कधी जायचं

दोन रात्री तरी हव्यात. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी जेवून निघायचं. एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग आठ तास गाडीत आणि चार तास मित्राकडे असं गणित होतं. शिवाय संध्याकाळचा आणि सकाळचा उजेड दोन्ही हातचे जातात.

ऋतूंमध्ये माझी पहिली पसंती ऑक्टोबरच्या मधल्या दोन आठवड्यांना. झाडं रंगलेली असतात आणि हवा कोरडी असते. त्या दिवसांत सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सोनेरी उजेडासाठी पहाटे उठावं लागत नाही, पोहे-चहा उरकून बाहेर पडलं तरी चालतं. जूनमध्ये उलट. सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या आसपास, म्हणजे जेवणं आटोपून सगळे मिळून फिरायला गेलं की उत्तम प्रकाश सापडतो. मुलं लहान असतील तर जून बरा. सप्टेंबरात गणपती असतील तर सरळ तेव्हाच जा. खोक्यांच्या पुठ्ठ्याचं मखर, ऑफिसमधून धावतपळत आरतीला पोचलेली मंडळी, दाराशी चपलांचा ढीग, हे फोटो वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळणार नाहीत.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारच्या आधीच्या शनिवार-रविवारी जाणं टाळा. त्या रविवारी इंडियानापोलिसला पाचशे मैलांची मोटार शर्यत असते आणि सगळी वाट तिकडे वळलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ वायव्य इंडियानात अचानक रस्ता पांढरा करून टाकतो. त्या काळात जायचंच असेल तर परतीचा एक दिवस राखून ठेवा आणि मित्रांना तसं आधीच सांगून ठेवा.

निघण्याआधीचा आठवडा

मित्राला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: तुमचा नेहमीचा शनिवार कसा जातो? मुलीचा पोहण्याचा क्लास, मुलाची सॉकर, दुपारी ग्रोसरी, संध्याकाळी कुणाकडे तरी जमणं, असं काहीतरी उत्तर येईल. "आमच्यासाठी काही रद्द करू नका, आम्ही तुमच्याबरोबर येतो" असं स्पष्ट सांगा. यजमानाला केवढा हुरूप येतो ते बघा. पाहुण्यांना 'दाखवण्याचा' भार उतरतो आणि तुम्हाला त्यांचं खरं वेळापत्रक बघायला मिळतं.

दुसरा प्रश्न, काय आणू? कोलंबसहून मोठ्या भारतीय दुकानांसाठी इंडियानापोलिस गाठावं लागतं. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर किंवा नेपरव्हिलच्या बाजूला जे सहज मिळतं त्यातलं ताजं काहीतरी न्या: कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, अळूची पानं, मऊ पाव. कुणाला आंब्याचा रस हवा असतो, कुणाला नैवेद्याला चालेल असा पेढा. वहिनींना विचारलंत तर खरी यादी मिळते. गोठवलेलं काही असेल तर बर्फाचा डबा लागेल. चार तासांच्या वाटेला साधा पुरतो.

मिलर हाउस, म्हणजे ईरो सारिनेन यांनी कमिन्सचे प्रमुख मिलर यांच्यासाठी केलेलं घर, बघायचं असेल तर तिकीट याच आठवड्यात, शक्यतो त्याहून बरंच आधी, काढा. गावाच्या व्हिजिटर्स सेंटरमधून ठरलेल्या वेळेची बस सुटते, आपली गाडी घेऊन थेट जाता येत नाही. शनिवारच्या जागा लवकर भरतात. आत फोटो काढण्याचे नियम बुकिंग करतानाच वाचून घ्या.

आता कॅमेरा. आजकालचा बरा फोन या ट्रिपला पुरेसा आहे. फोनमध्ये दहा-पंधरा जीबी जागा मोकळी करा, लेन्स पुसायला मऊ कापड घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन चौकटीच्या रेघा चालू करा. इमारतींचे फोटो सरळ यायला त्या रेघांचा मोठा आधार होतो. वेगळा कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स न्या. आणि त्या कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधीच एक तास पुढे करा. शिकागो सेंट्रल वेळेवर चालतं, कोलंबस ईस्टर्न वेळेवर. फोन स्वतःहून बदलतो, कॅमेरा बदलत नाही, आणि घरी आल्यावर दोघांचे फोटो एकत्र लावले की सकाळची फेरी दुपारच्या जेवणात मिसळते.

गाडीची तपासणी नेहमीचीच: टायरमधली हवा, काचेचं पाणी, मागे बसणाऱ्यांसाठी लांब चार्जिंग वायर. गाडी भाड्याची असेल तर टोलबद्दल काउंटरवरच विचारा. काही कंपन्या टोलच्या यंत्राचे दिवसावर पैसे लावतात. तसं असेल तर नकाशात टोल टाळणारा मार्ग निवडता येतो.

वाट

नकाशात पत्ता टाकताना 'इंडियाना' लिहायला विसरू नका. नुसतं कोलंबस म्हटलं की ओहायोची राजधानी आधी पुढे येते.

शिकागोच्या मध्यापासून अंतर सुमारे २२५ मैल, वाहतूक नसेल तर पावणेचार ते चार तास. गॅरीजवळ आय-६५ पकडला की जवळजवळ शेवटपर्यंत तोच रस्ता. इंडियानात एक्झिटचे नंबर दक्षिणेकडून मैलांप्रमाणे वाढत जातात आणि तुम्ही उत्तरेकडून येत असता. कोलंबसचा एक्झिट ६८. म्हणजे रस्त्याकडेला दिसणाऱ्या मैलाच्या आकड्यातून ६८ वजा केले की उरलेलं अंतर मिळतं. मागच्या सीटवरच्या मुलांना हे शिकवा, "किती राहिलं?" हा प्रश्न त्यांचा तेच सोडवतात. गाडी बंद पडली किंवा अपघात दिसला तर ९११ ला हाच मैलाचा आकडा आणि दिशा सांगायची असते, म्हणून मोठ्यांनीही त्याकडे लक्ष ठेवावं.

पहिला थांबा फेअर ओक्स, एक्झिट २२०. दुधाचा मोठा फार्म आहे, स्वच्छतागृहं आहेत, ग्रिल्ड चीज आणि आइस्क्रीम मिळतं, त्यामुळे शाकाहारी मंडळींचीही सोय होते. इथवर घड्याळ शिकागोचंच असतं. रेन्सेलर, रेमिंग्टन मागे पडलं की वुल्कॉटच्या आधी व्हाइट काउंटी लागते आणि वेळ एक तास पुढे जाते. "सातला पोचतो" असं कळवताना कुणाचे सात ते ठरवून घ्या, कारण तिकडे भाकरी तव्यावर कधी टाकायची ते त्यावर ठरतं. संध्याकाळी सातला तिथे जेवायला पोचायचं तर शिकागोतून दुपारी दीडच्या आत बाहेर पडायला हवं.

वेळ बदलते त्याच टापूत पवनचक्क्या सुरू होतात. मेडो लेक नावाचा हा पवनऊर्जा प्रकल्प रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पसरलेला आहे. सपाट जमीन, मोठं आकाश आणि संथ फिरणारी पांढरी पाती. गाडीतून फोटो घ्यायचा तो फक्त चालकाशेजारच्या किंवा मागच्या माणसाने. काच आतून-बाहेरून पुसलेली असू द्या, फोन काचेला जवळजवळ टेकवून धरा म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही, आणि फ्लॅश बंद ठेवा. जवळची झुडपं धावतात म्हणून धूसर येतात, दूरचं स्पष्ट येतं. तेव्हा फोटोत जमीन थोडी आणि आकाश जास्त घ्या. उन्हाळ्यात पुढची काच किड्यांनी भरते, बाजूच्या खिडकीतूनच काढा.

शेतांचे फोटो ऋतूप्रमाणे वेगळे येतात. जुलैत मका माणसापेक्षा उंच होतो आणि त्याला तुरे फुटतात. सप्टेंबरात सोयाबीन पिवळं पडतं. ऑक्टोबरभर कापणी चालते आणि संध्याकाळी हार्वेस्टरच्या धुळीतून जो तांबूस उजेड येतो त्यासाठी मी एखादा एक्झिट घेऊन दहा मिनिटं मुद्दाम थांबते. मात्र आय-६५ च्या कडेला फोटोसाठी कधीही उभं राहू नका, ते धोक्याचं आहे. एक्झिट घ्या, गावच्या रस्त्याला लागा आणि गाडी पूर्ण बाजूला घेऊन उभी करा. शेतात पाय ठेवायचा नाही. ती खाजगी जमीन असते. बांधावरून हवा तो फोटो मिळतो.

नियमांबद्दल थोडक्यात. गावांबाहेर आय-६५ वर मोटारींना ताशी ७० मैल आणि जड ट्रकना ६५ मैल ही मर्यादा आहे. डावी लेन ओव्हरटेकसाठी, मागून वेगाने कुणी आलं तर उजवीकडे या. इंडियानात जुलै २०२० पासून गाडी चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे, सिग्नलला थांबल्यावरही तो होल्डरमध्येच राहू द्या. कडेला पोलीस, अँब्युलन्स किंवा टो-ट्रक उभा दिसला तर लेन बदला, शक्य नसेल तर वेग कमी करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे आणि सांजवेळी हरणं रस्त्यावर येतात. एक दिसलं तर मागे दुसरं आहे असं धरून चाला. हरीण टाळायला जोरात स्टिअरिंग फिरवण्यापेक्षा आपल्या लेनमध्ये ब्रेक दाबणं सुरक्षित.

लाफायेटला लागूनच पर्ड्यू विद्यापीठ आहे. तिथे शनिवारी फुटबॉलचा सामना असला की एक्झिट तुंबतात. इंडियानापोलिसमध्ये शहराच्या मधून जायचं की आय-४६५ या वळणरस्त्याने, ते त्या वेळी नकाशा बघून ठरवा. संध्याकाळी चार ते सहा मध्ये मी वळणरस्ता घेते. शहर मागे पडलं की पाऊण तासात कोलंबस.

गावात शिरताना

एक्झिट ६८ वर लाल कमानींचा पूल दिसला की आलंच. तिथून पूर्वेला वळून गावाकडे निघालात की नदीवर दुसरा लाल पूल लागतो, तारांवर तोललेला, १९९९ साली बांधलेला. त्याच्या खांबांच्या बरोबर मधोमध समोर कोर्टहाऊसचा मनोरा दिसतो. कोर्टहाऊस १८७४ चं, पूल सव्वाशे वर्षांनी नवा, आणि पूल बांधताना जुन्या इमारतीला चौकटीत बसवण्याचा विचार केलेला. शेजारच्या सीटवरच्या माणसाने पूल सुरू होण्याआधीच फोन तयार ठेवावा. चांगला फोटो हवा असेल तर दुसऱ्या दिवशी पायी या.

शुक्रवारी रात्री यापेक्षा जास्त काही करू नका. सामान आत घ्या, पिशवीतला कढीपत्ता वहिनींच्या हातात द्या, जेवा, गप्पा मारा.

शनिवार : इमारती

या गावात इतकी वास्तुकला कशी आली, ते माहीत असलं की बघण्यात अर्थ येतो. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात एक योजना सुरू केली: गावाने शाळा किंवा सार्वजनिक इमारत बांधताना ठरावीक यादीतला उत्तम वास्तुविशारद निवडला, तर त्याचं मानधन कंपनीचं फाउंडेशन देणार. १९५७ साली हॅरी वीस यांनी केलेली लिलियन श्मिट प्राथमिक शाळा ही तिची सुरुवात. पुढे शाळा, अग्निशमन केंद्रं, अशा किती तरी इमारती याच वाटेने उभ्या राहिल्या. म्हणजे तुमच्या मित्राची मुलगी रोज जिथे जाते ती शाळाही कदाचित अशीच असेल. सुट्टीच्या दिवशी, शाळा बंद असताना, तिला तिच्या शाळेच्या दाराशी उभं करून फोटो काढा. माझ्या लेखी तो पर्यटनस्थळाच्या कुठल्याही फोटोहून मोलाचा.

सुरुवात पाचव्या रस्त्यापासून करा. एका बाजूला एलियेल सारिनेन यांचं फर्स्ट ख्रिश्चन चर्च, १९४२ चं, चौकोनी आणि शांत, बाजूला १६६ फूट उंच मनोरा. समोर पेई यांचं लाल विटांचं ग्रंथालय, १९६९ चं. पॅरिसच्या लुव्हर संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड केला तेच हे पेई. आणि मधल्या अंगणात हेन्री मूर यांची सुमारे वीस फूट उंच ब्राँझची कमान. मुलांना काही सांगावं लागत नाही, ती त्या कमानीखालून पळतातच. तो फोटो खाली बसून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या, मागे चर्चचा मनोरा येईल अशा जागेवरून.

उंच इमारतीचा फोटो काढताना फोन वर तिरका केला की इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. फोन अगदी सरळ, जमिनीला काटकोनात धरा आणि पुरेसं मागे जा. खालचा अर्धा भाग नुसतं अंगण आलं तरी चालेल, नंतर कापता येतं. वाइड लेन्सचा मोह आवरा, कडेला उभी माणसं त्यात ताणली जातात. फिकट दगडावर ऊन पडलेलं असताना माणसाचे चेहरे काळवंडतात. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा किंवा माणसांना सावलीत घ्या. बर्फात उलटी अडचण येते, फोन पांढऱ्याला करडं करतो. तिथेही उजेड वाढवावा लागतो.

ग्रंथालयात आत जरूर जा. मित्राचं कुटुंब आठवड्याला पुस्तकं आणायला तिथे जात असेल, तर त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात त्यांना वाचताना टिपा. इतर वाचकांचे चेहरे येऊ देऊ नका. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, एरवी विचारून आत जा.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर तीन गोष्टी जवळजवळ आहेत. ईरो सारिनेन यांची १९५४ ची बँकेची इमारत, काचेच्या भिंती आणि छतावर नऊ बसके घुमट. बँक म्हणजे दगडी किल्ला अशी रीत असताना त्यांनी ती आरपार दिसणारी केली. हिचा फोटो सांजवेळी, आतले दिवे लागल्यावर आणि आकाश अजून निळं असताना घ्या, सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटं. दुसरं द कॉमन्स. तिथे ज्याँ टिंगली यांचं 'केऑस १' हे १९७४ चं हलतं यंत्रशिल्प आहे. त्याचा फोटो काढून उपयोग नाही, व्हिडिओ काढा. पाऊस किंवा कडाका असेल तेव्हा मुलांना आत खेळायलाही हीच जागा. तिसरं झाहाराकोस, १९०० सालापासूनचं आइस्क्रीम पार्लर, जुना संगमरवरी थाट आणि स्वतः वाजणारं यांत्रिक ऑर्गन. इथे दुपारी तीन-चारला बसा. चालून पाय दुखायला लागलेले असतात आणि बसलेल्या, खाणाऱ्या माणसांचे फोटो सगळ्यात मोकळे येतात.

कमिन्सचं मुख्यालय केविन रोश यांनी १९८० च्या दशकात केलं. तिथे एका जुन्या गिरणीची इमारत न पाडता नव्या इमारतीत सामावून घेतली आहे. आत रुडॉल्फ डी हराक यांचं 'एक्सप्लोडेड इंजिन' आहे: एका डिझेल इंजिनाचा एकेक भाग सुटा करून हवेत टांगलेला. मित्र तिथे नोकरी करत असेल तर आत जाता येईल का, फोटो चालेल का, ते त्यालाच विचारू द्या. चालत असेल तर त्याच्या आईवडिलांना पाठवायला याहून चांगला फोटो नाही. मुलगा नेमकं काय काम करतो ते पुण्यात बसून त्यांना एका नजरेत कळतं. कारखान्याच्या आत मात्र फोन खिशात.

नंतर गाडीने दोन ठिकाणं. ईरो सारिनेन यांचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च, षट्कोनी, १९२ फुटी निमुळता कळस असलेलं. ते १९६४ साली पूर्ण झालं, ईरो १९६१ मध्येच गेले होते. त्या चर्चच्या सदस्यांचा संघ २०२२ मध्ये विसर्जित झाला. हिरवळीच्या दूरच्या टोकाला जाऊन कळस आणि नुसतं आकाश एवढंच चौकटीत घ्या. दुसरं व्हेंचुरी यांचं चार नंबरचं अग्निशमन केंद्र, मनोऱ्यावर भला मोठा '४'. चार वर्षांच्या मुलासाठी ही जागा ठरलेली! गाड्या बाहेर पडतात तो भाग मोकळा ठेवा.

कोर्टहाऊसशेजारी सैनिकांचं स्मारक आहे, चुनखडीच्या दगडाचे पंचवीस उंच खांब. आतल्या खांबांवर गावच्या सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतला मजकूर कोरला आहे. इथे पोज देऊन फोटो काढू नयेत, असं मला वाटतं. वाचा, आणि हवा असेल तर दगडावरच्या अक्षरांचा एखादा फोटो घ्या. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात.

हे सगळं एका दिवसात करायचा अट्टहास नको. मुलं बरोबर असतील तर पाचवा रस्ता आणि वॉशिंग्टन स्ट्रीट एवढंच धरा.

घर : सगळ्यात महत्त्वाचे फोटो

शनिवारी सकाळी आणि रविवारी सकाळी, कुणी 'फोटोसाठी' तयार व्हायच्या आधी, घरातले फोटो काढा. आधी परवानगी घ्या. "मी तुमच्या घराचे असेच फोटो काढणार आहे, तुम्हालाच देणार, कुठे टाकणार नाही" एवढं सांगितलं की माणसं निर्धास्त होतात.

काय काढायचं? समोरून पूर्ण घर, गाड्या आणि अंगणासकट. मेलबॉक्स. स्वयंपाकघराचा ओटा, त्यावरचा मसाल्याचा डबा आणि शेजारी तांदळाची मोठी पिशवी. फ्रिजवर चिकटवलेली चित्रं आणि शाळेचं कॅलेंडर. देवघर, मग ते कपाटातल्या एका फळीवर का असेना. मुलांच्या उंचीच्या खुणा दारावर असतील तर त्या, शेजारी मूल उभं करून. खिडकीतून दिसणारं मागचं अंगण. हे सगळं खिडकीच्या उजेडात, वरचे दिवे बंद करून काढा. पिवळा बल्ब आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की चेहऱ्यांचा रंग बिघडतो.

माणसं काम करत असताना काढा. मित्र गवत कापताना, वहिनी फोडणी देताना, मुलगी बुटांची नाडी बांधताना. एका जागी उभे राहून तीन-चार फोटो घ्या आणि फोन खाली ठेवा. सतत फोन समोर धरला की घर अवघडतं.

मित्राचे आईवडील भारतातून आलेले असतील तर त्यांना वेळ द्या. काकांची सकाळची ठरलेली फेरी असते, काकूंनी अंगणात कुंडीत मेथी लावलेली असते. काकांबरोबर चालत जा, त्यांना रस्त्यातलं काय आवडतं ते विचारा आणि ते जिथे थांबतील तिथे त्यांचा फोटो काढा. काकूंचा फोटो मेथीच्या कुंडीशी. सहा महिन्यांच्या मुक्कामात त्यांचे दोघांचे एकत्र फोटो कुणी काढलेले नसतात, सगळे नातवंडांबरोबरचे असतात. म्हणून दोघांचाच एक जरूर काढा.

सगळ्यांचा एकत्र फोटो रविवारी निघायच्या अर्धा तास आधी, घराच्या दाराशी. शेवटच्या मिनिटावर ठेवलं तर सामान, डबे आणि मुलांचे बूट यांत राहून जातो. फोन कुंडीवर टेकवून टायमर लावा म्हणजे काढणाराही त्यात येतो. एखादा शेजारी फिरायला बाहेर पडलेला असेल तर त्याला विनंती करा, आणि मग त्यालाही एका फोटोत घ्या. तोही त्यांच्या तिथल्या आयुष्याचाच भाग आहे.

वेळ उरला तर

ऑक्टोबरात रविवारची सकाळ ब्राउन काउंटीला द्या. राज्य रस्ता ४६ ने पश्चिमेला सतरा-अठरा मैलांवर नॅशव्हिल नावाचं छोटं गाव आणि त्याला लागून ब्राउन काउंटी स्टेट पार्क. सपाट मका-सोयाबीननंतर इथे अचानक डोंगर सुरू होतात. टी. सी. स्टील हे चित्रकार १९०७ साली इथे येऊन राहिले आणि मागोमाग इतर चित्रकार आले, ते या टेकड्यांवरच्या धुक्यासाठी आणि रंगांसाठी. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर प्रवेशद्वाराशी गाड्यांची रांग लागते. रंगलेल्या पानांचा फोटो सूर्य पानांच्या मागे ठेवून काढा, उजेड पानातून येतो तेव्हा रंग खरा दिसतो.

पावसाळी आठवडा असेल तर मिल रेस पार्कचा रस्ता बंद आहे का ते बघून जा. ड्रिफ्टवुड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाशीच मिळतात आणि पाणी वाढलं की पार्कात शिरतं. कोरड्या दिवसांत संध्याकाळी फिरायला जागा सुंदर आहे.

परतल्यावर

फोटो त्याच आठवड्यात निवडा, नंतर होत नाही. डोळे मिटलेले, एकाच दृश्याचे चार-चार, हललेले, सगळे काढून टाका. साठ-सत्तर उरले तर पुष्कळ. त्यांचा सामायिक अल्बम करून मित्राला लिंक पाठवा. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवले की फोटो बारीक होतात आणि छापायच्या उपयोगाचे राहत नाहीत, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मुलांचे, घराचा नंबर किंवा शाळेचं नाव दिसणारे फोटो मित्राला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. टाकलेच तर त्यातली जागेची माहिती आधी काढून टाका.

मग वीस फोटो निवडून छापा. चार बाय सहा इंचांच्या प्रतीला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, फोनचा मूळ फोटो त्याहून बराच मोठा असतो. दोन संच काढा. एक कोलंबसला पोस्टाने. दुसरा पुढच्या वेळी तुम्ही किंवा ओळखीचं कुणी पुण्याला जाईल तेव्हा मित्राच्या घरी पोचवायला. मागच्या बाजूला तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहा. साध्या बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतात आणि गुळगुळीत कागदावर शाई पुसते, म्हणून फोटोंसाठी मिळणारं बारीक मार्कर वापरा आणि एकावर एक रचण्याआधी दहा मिनिटं वाळू द्या.